ऐकणारे अंतःकरण

निवडणुकांचा हंगाम आला की चांगला नेता कसा असावा, याची चर्चा गावच्या नाक्यापासून वृत्तपत्रांच्या अग्रलेखांपर्यंत रंगू लागते. तो निःस्वार्थी असावा, चारित्र्यवान असावा, दूरदृष्टीचा असावा, त्याच्या वाणीत ओज असावे. ही यादी आपणां सर्वांना तोंडपाठ आहे आणि तिच्यातील एकही गुण खोडून काढावा असे आम्हांस वाटत नाही. परंतु आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीने आम्हांला या यादीत सहसा न आढळणाऱ्या एका गुणाचा विचार करावयास लावले. तो गुण म्हणजे आपल्या मनाविरुद्धचे बोलणे ऐकून घेण्याचा.

वसई परिसरातील एका धर्मग्रामात आमची नेमणूक असताना चर्चच्या मागे एक बावखल होते. वसईकरांना बावखल म्हणजे काय हे सांगणे नको; इतर वाचकांसाठी एवढेच की, वाडीच्या शिंपण्यासाठी पूर्वजांनी खोदलेले ते गोड्या पाण्याचे तळे. एके काळी त्यावर रहाट चाले. पावसाचे पाणी त्यात उतरे, जमिनीत मुरे आणि आसपासच्या विहिरींना वर्षभर गोडवा देई. पुढे पंप आले, वाड्या कमी झाल्या, बावखलात शेवाळ साठले आणि डास वाढले. दुसरीकडे रविवारच्या मिस्साला येणाऱ्या मोटारी लावावयास जागा पुरेना. बावखल बुजवून तेथे फरसबंद आवार करावे, असे आम्ही मनाशी ठरविले आणि मग पॅरिश कौन्सिलपुढे विषय ठेवला. हा क्रम लक्षात घ्यावा, ही विनंती.

सभेत कोणीही विरोध केला नाही. सभा संपल्यावर मात्र एक वृद्ध वाडीवाले, ज्यांचा कौन्सिलशी काही संबंध नव्हता, व्हरांड्यात आमची वाट पाहत उभे होते. ते म्हणाले, “फादर, आवार चांगलंच होईल. पण पावसाचं पाणी मग जाणार कुठे?” आम्ही हसून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितले, “बाबा, इंजिनिअरने सगळं पाहिलंय.” इंजिनिअरने खरोखरच पाहिले होते, पण त्याने नकाशा पाहिला होता, आणि बाबांनी साठ-सत्तर पावसाळे पाहिले होते.

पुढच्याच जुलैत चर्चच्या खालच्या अंगाच्या पाच घरांत गुडघाभर पाणी शिरले. एका घरात अंथरुणाला खिळलेली एक माउली होती. तिला टेबलावर निजवून रात्र काढावी लागली. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या घरी गेलो तेव्हा कोणी आम्हांला एका शब्दाने बोलले नाही. चहा मात्र दिला. तो चहा घशाखाली उतरविणे फार कठीण गेले.

त्यानंतर कौन्सिलमधील तिघांनी, वेगवेगळ्या वेळी, आमच्यापाशी कबूल केले की पाण्याची शंका त्यांनाही आली होती. “मग सभेत का बोलला नाहीत?” असे आम्ही जरा तीव्र स्वरातच विचारले. एकाने शांतपणे उत्तर दिले, “तुमचं ठरलंच होतं ना, फादर.”

सेमिनरीत आम्हांला प्रवचन कसे करावे हे अनेक वर्षे शिकविले गेले. ऐकण्याचेही शिक्षण मिळाले, नाही असे नाही. प्रायश्चित्त संस्कारात तासन् तास बसून आम्ही ऐकतो. पण तेथे समोरचा माणूस स्वतःच्या चुका सांगत असतो, आमच्या नव्हे. चाळीस वर्षे ऐकण्याचे काम करूनही माणूस बहिरा राहू शकतो, हे आम्हांस त्या पावसाळ्यात उमगले.

दावीद राजाची कथा आपण जाणतोच. बथशेबेसाठी त्याने तिच्या पतीला, उरीयाला, युद्धाच्या आघाडीवर पाठवून मारविले. तेव्हा नाथान संदेष्टा दरबारात आला, त्याने एका गरिबाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगितली आणि राजाचा संताप उसळताच तो अपराधी तूच आहेस, असे त्याला तोंडावर सुनावले. प्रवचनांत आम्ही येथे थांबतो आणि दावीदाच्या पश्चात्तापाची स्तुती करतो. आम्हांस आता त्या कथेचा उत्तरार्ध अधिक मोलाचा वाटू लागला आहे. दावीद म्हातारा होऊन अंथरुणास खिळला, अदोनीयाने गादी बळकावण्याचा घाट घातला, तेव्हा राजाच्या दालनात जाऊन ती खबर देणाऱ्यांत कोण होते? बथशेबा आणि तोच नाथान. मधल्या एवढ्या वर्षांत राजाने त्याला देशोधडीला लावले नव्हते, की त्याचा दरबारातील प्रवेश बंद केला नव्हता. भर दरबारात चूक मान्य करणे एखाद्या भावनेच्या भरातही होऊन जाते. चूक दाखविणाऱ्याला पुढे आयुष्यभर आपल्याजवळ वावरू देणे, ही फार निराळी गोष्ट आहे.

दावीदाच्या पुत्राने, शलमोनाने, राज्यारोहणानंतर देवाकडे मागितले ते मूळ हिब्रू शब्दांत ‘ऐकणारे हृदय’ होते. भाषांतरांत पुष्कळदा त्याचे ‘विवेकी मन’ होते आणि कान हरवतो. २२ सप्टेंबर २०११ रोजी जर्मन संसदेपुढे भाषण करताना पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी राज्यकर्त्यांना याच मागणीची आठवण करून दिली होती. परंतु ज्याने ते हृदय मागितले, त्याच शलमोनाने उत्तरायुष्यात प्रजेवर वेठीचे जू इतके जड केले की, त्याच्या मृत्यूनंतर लोक ते हलके करा म्हणून त्याच्या पुत्रापुढे उभे राहिले. शलमोनाच्या दरबारात नाथानासारखे कोणी उभे राहून त्याला बोलल्याचे आपल्याला वाचावयास मिळत नाही. पुत्र रहबाम याने तीन दिवसांची मुदत मागितली. पित्याच्या पदरी असलेल्या वडीलधाऱ्यांनी मवाळ उत्तर देण्याचा सल्ला दिला. बरोबरीने वाढलेल्या सोबत्यांनी जू आणखी जड करण्याचा. रहबामाने सोबत्यांचे ऐकले आणि दहा वंश कायमचे तुटले. लक्षात घ्या, रहबामाने सल्ला घेतला होता. दोन्ही बाजूंचा घेतला होता. आम्हीही सभा बोलाविली होती.

ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मनियमसंहितेत ५३६ वा नियम पॅरिश कौन्सिलला केवळ सल्ला देण्याचा अधिकार देतो. निर्णय धर्मगुरूचाच. आमच्या काही बंधूंना (आणि एके काळी आम्हांलाही) हा नियम फार सोयीचा वाटत आला आहे. पण सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठांसाठी घालून दिलेली शिस्त पाहा. तेथेही अंतिम निर्णय मठाधिपतीचाच. तरी महत्त्वाच्या प्रसंगी त्याने साऱ्या मठवासीयांना एकत्र बोलवावे, असे ते सांगतात. कारण अधिक हिताचे काय, हे पुष्कळदा प्रभू वयाने धाकट्यालाच उमजवितो. अधिकार एकाकडेच आहे म्हणून त्याने कमी ऐकावे, असे त्या साधूला वाटले नाही. उलट, त्याचमुळे त्याने सर्वांचे ऐकले पाहिजे, अशी त्याची धारणा दिसते.

या शिस्तीचा आम्ही एक छोटा प्रयोग केला. बदली होऊन सध्याच्या धर्मग्रामात आल्यापासून कौन्सिलच्या सभेत आमचे मत आम्ही शेवटी सांगतो आणि सर्वांत लहान सभासदाला प्रथम बोलावयास सांगतो. सुरुवातीच्या दोन-तीन सभांत काहीच घडले नाही. सवय दोन्ही बाजूंची होती. गेल्या नाताळापूर्वीच्या सभेत मात्र कॉलेजात शिकणारी एक मुलगी उभी राहिली. हातात कागद होता, कागद थरथरत होता. ती म्हणाली, “फादर, रविवारी तुम्ही देणगीदारांची नावं वाचून दाखवता. आमच्या गल्लीतल्या दोन बायकांनी त्यामुळे मिस्साला येणं सोडलंय. त्यांच्याकडे द्यायला काही नसतं.”

सभागृहात शांतता पसरली. नावे वाचण्याची ती प्रथा आम्हीच सुरू केली होती आणि तिच्यामुळे देणग्या वाढल्या होत्या. आमच्या ओठांवर एक उत्तर तयार होते. चांगले, मुद्देसूद, आकडेवारीसह. आम्ही ग्लासातले पाणी प्यालो, वहीत तिचे वाक्य लिहून घेतले आणि तिला त्या दोन बायकांची घरे कोठे आहेत ते विचारले.