निर्वेध आणि निजोखमी

माझी सगळी नोकरी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत झाली. लिहून देणार, लिहून घेणार, चतुःसीमा, मुद्रांक, अंगठे, साक्षीदार. खरेदीखतात एक वाक्य ठरलेलं असायचं : सदर मिळकत निर्वेध व निजोखमी असून तिच्यावर कोणाचाही बोजा नाही. वकील ते न वाचता घालायचे, पक्षकार न वाचता सही करायचे, आणि पुढे कज्जा लागला की सगळे हात जोडून त्याच वाक्यापाशी परत यायचे. निवृत्तीनंतर मी गाणी विकत घ्यायला लागलो, म्हणजे तबकड्या नव्हे, संगणकावर उतरवून घ्यायच्या फाइली. तेव्हाही सवयीनं पहिला प्रश्न तोच पडला. हिच्यावर बोजा आहे का?

बहुतेकांना हा प्रश्न विक्षिप्त वाटतो. गाण्यावर कसला बोजा? पण होता, आणि त्याची कहाणी अमेरिकेत घडली. ॲपलनं आपलं गाण्यांचं दुकान २८ एप्रिल २००३ला उघडलं, एक गाणं ९९ सेंटला. फाइल कूटबद्ध असायची आणि तिची चावी घेणाऱ्याच्या खात्याशी बांधलेली. ठरावीक संख्येपेक्षा जास्त संगणकांवर ती उघडत नसे. एक संगणक वाढवायचा तर जुन्याचं नाव कमी करून घ्या. मात्र त्याच गाण्यांच्या सीडी गाण्यांच्या मालक कंपन्या बिनकुलपाच्या विकत होत्या. फेब्रुवारी २००७मध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्झनं एक जाहीर पत्र लिहून हा हिशेबच मांडला : २००६ साली जगभर कुलूपबंद गाणी विकली गेली दोन अब्जांहून कमी, आणि सीडीवर उघडी गाणी वीस अब्जांहून जास्त. मग कुलूप नेमकं कोणासाठी? (पत्र लिहिण्यामागे त्याची स्वतःची धंद्याची कारणंही होती. साधुत्वाचा आरोप त्याच्यावर कोणी करू नये.) त्याच वर्षी ईएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीनं माघार घेतली आणि मे महिन्यात उघडी गाणी आली, १ डॉलर २९ सेंटला. दर्जाही वाढवून दिला होता, पण माझ्यातल्या कारकुनानं ते वरचे तीस सेंट बोजा उतरवण्याची फी म्हणूनच लिहून ठेवले. सप्टेंबरात ॲमेझॉननं फक्त उघड्या एमपीथ्रीचं दुकान काढलं, आणि जानेवारी २००९मध्ये ॲपलनं सगळाच साठा मोकळा करत असल्याचं जाहीर केलं.

मधलं २००८ साल मला सगळ्यात बोधप्रद वाटतं. मायक्रोसॉफ्टनं आणि याहूनं आपापल्या बंद पडलेल्या गाण्यांच्या दुकानांचे चाव्या देणारे सर्व्हरही बंद करणार म्हणून कळवलं. म्हणजे आहे त्या संगणकावर गाणं वाजत राहील. संगणक बदलला की पैसे मोजून घेतलेली फाइल मुकी. ओरड झाल्यावर एकानं तारीख पुढे ढकलली, दुसऱ्यानं भरपाई देऊ केली. पण पाहा, कोणाच्या घरात ही पंचाईत झाली? ज्यांनी रांगेत उभं राहून पैसे भरले त्यांच्या. फुकट उतरवून घेणाऱ्यांना त्याची वार्तासुद्धा नव्हती.

इथपर्यंत ही ग्राहकाची तक्रार आहे. माझा प्रश्न त्यापुढचा. मी काय विकत घेतलं?

मिताक्षरेचं नाव आमच्या कचेरीत वाटणीपत्रांमुळे रोज कानावर पडायचं, पण ग्रंथात शिरलो ते निवृत्तीनंतर, महामहोपाध्याय काण्यांचे खंड हाताशी घेऊन. विज्ञानेश्वरानं हा ग्रंथ कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, सुमारे नऊशे वर्षांपूर्वी लिहिला. दायविभागाच्या सुरुवातीलाच तो एक वाद उकरून काढतो : स्वत्व, म्हणजे मालकी, ही शास्त्रानं निर्माण होते की लोकव्यवहारानं? शास्त्रानं होत असेल तर शास्त्रात सांगितलेल्या मार्गांनी मिळालेलंच तुमचं. विज्ञानेश्वर लोकांच्या बाजूनं निकाल देतो. शास्त्राचं नावही न ऐकलेली, सीमेपलीकडची माणसंसुद्धा विकतात, घेतात, हे माझं हे तुझं म्हणतात. तेव्हा मालकी लौकिक आहे. निकाल वाचून मला आमच्या कचेरीतली ओसरी आठवली. खेड्यातून आलेल्या म्हातारीला कलमं कळत नसत, पण ‘विकलं’ म्हणजे काय ते तिला पक्कं ठाऊक असे. विकलं म्हणजे आता माझा पाय तिथे नाही.

लोकव्यवहार जर प्रमाण, तर विकत घेतलेलं गाणं म्हणजे काय? मला हवं तेव्हा, हव्या त्या यंत्रावर ऐकेन. यंत्र मोडलं तर दुसऱ्यावर ऐकेन. माझ्या मागे मुलीकडे जाईल. विकणारा उद्या राहिला काय, बुडाला काय, त्याचा माझ्या ऐकण्याशी संबंध नाही. ज्यात यातलं काही नाही त्याला आम्ही भाडेकरार म्हणायचो आणि वेगळ्या मुद्रांकावर नोंदवायचो. भाड्यानं घेणं कमीपणाचं नाही. मीही महिन्याच्या वर्गणीवर गाणी ऐकतो. पण भाडेपट्ट्यावर ‘कायम खूषखरेदीखत’ असा मथळा घालून कोणी दस्त आणला असता तर तो टेबलावरून परत गेला असता.

आता दुसरी बाजू, आणि ती जड आहे. उघडी फाइल हातात आली की तिच्या हजार प्रती करायला वेळ लागत नाही. आमच्या स्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानांवर कितीतरी वर्षं पाट्या होत्या : मेमरी कार्ड भरून मिळेल. पोरगा विचारायचा, “काका, नाट्यसंगीत टाकू की भक्तिगीतं? दोन्ही टाकतो, जागा आहे.” त्याच्या त्या दोन्ही टाकण्यात एक उदारपणाही होता, हे मान्य केलं पाहिजे. पण ज्यानं गायलं, ज्यानं चाल लावली, त्याला त्यातून दमडी मिळत नव्हती. कंपन्यांनी कुलूप का घातलं हे समजायला त्या पाटीखाली पाच मिनिटं उभं राहणं पुरेसं होतं.

मग कुलूप नको असं मी का म्हणतो? इथे मला नैयायिकांची मदत झाली. मालकीची एक जुनी व्याख्या आहे की वस्तूचा मनाला येईल तसा विनियोग करता येणं. सोळाव्या शतकाच्या आसपास रघुनाथ शिरोमणीनं ती मोडीत काढली. परक्याचं अन्नही माणूस खाऊ शकतोच की! खाता येणं ही गोष्ट वेगळी, ते आपलं असणं वेगळं. म्हणून त्यानं स्वत्व हा स्वतंत्र पदार्थच मानला. करता येण्यात आणि करण्याचा अधिकार असण्यात जे अंतर आहे, त्या अंतरावर त्यानं बोट ठेवलं.

डिजिटल कुलूप नेमकं हेच अंतर नाहीसं करतं. जे चालणार नाही ते करताच येणार नाही, अशी सोय. वरवर पाहता ही धर्मराज्याची स्थापना वाटते. प्रत्यक्षात त्यात धर्माला कामच उरत नाही. योगसूत्रांत अस्तेय हा यमांपैकी एक आहे आणि यम म्हणजे स्वतः स्वतःला घातलेला निर्बंध. हात बांधलेल्या माणसाला चोरी न करण्याचं पुण्य कसं लागेल? कुलूपबंद फाइल विकणारा मला प्रामाणिक करत नाही. माझा प्रामाणिकपणा त्याच्या हिशेबात धरतच नाही. शिवाय कुलूप आंधळं असतं. मुलीकडे गाणं जाणं आणि बाजारात हजार प्रती जाणं, त्याला दोन्ही सारखंच दिसतं.

उघड्या फाइलीनं माझ्यावर काम टाकलं, हे मात्र खरं. एका तरुण गायिकेचा अल्बम मी बँडकॅम्पवरून घेतला. तिथली पद्धत मला आवडते. कलाकार किमान किंमत ठरवतो, घेणाऱ्याला वाटलं तर जास्त द्यावं. गाण्यांच्या विक्रीतले साधारण पंधरा टक्के संकेतस्थळ ठेवतं. किमतीच्या वर जे देतो ते किंमत नाही, त्याला दक्षिणाच म्हटलं पाहिजे, आणि ते देताना मला बरं वाटलं. फाइल आली, नाव-गाव-कुलूप काही नाही. दुसऱ्या दिवशी बेळगावच्या बहिणीचा फोन : “दादा, मला पाठव ना.” त्या पाठोपाठ आमच्या भजनी मंडळाचे भाऊ म्हणाले, “ग्रुपवर टाका, सगळे ऐकतील. देवाचंच आहे, त्यात काय?”

देवाचंच आहे, हा युक्तिवाद आपल्याकडे फार चालतो. धर्मशास्त्रात दान म्हणजे वस्तूवरचं आपलं स्वत्व संपवून त्यावर दुसऱ्याचं स्वत्व उत्पन्न करणं. गाय दिली की माझा गोठा रिकामा झाला पाहिजे. फाइल पाठवताना माझं काहीच जात नाही. या व्याख्येनं ते दानच नव्हे. विद्येचंही असंच आहे, देऊन ती संपत नाही. तरी विद्यादानाला शास्त्रकारांनी श्रेष्ठ दानांत बसवलंच. मग फरक कुठे? विद्या देणाऱ्यानं ती कष्टानं मिळवलेली असते, आणि देण्यातही त्याचे कष्ट जातात. माझे कष्ट काय, तर अंगठा टेकवणं. दुसऱ्याच्या कष्टावर मी दाता म्हणवून घ्यायचं! गीतेच्या तिसऱ्या अध्यायात चोर कोणाला म्हटलंय ते पाहा : ज्यांच्याकडून मिळालं त्यांना काही परत न करता जो नुसता भोगतो त्याला. चोरीची ही व्याख्या फाइलीला चपखल लागू पडते, कारण इथे मूळ वस्तू जागेवरच असते, आणि तरीही कोणाचं तरी काहीतरी परत करायचं राहून जातं.

बहिणीला पाठवलं. कारण ती माझ्या घरातली आहे, आणि ऐकून झाल्यावर तिला मी विचारणार होतो की कसं वाटलं, आणि विचारलंही. मग तिला दुकानाचा पत्ता दिला. ग्रुपवर टाकलं नाही. तिथेही पत्ताच टाकला. गाणं टाकलं असतं तर तिथून पुढे ते कोणाकडे जाईल हे मला कळणार नव्हतं, आणि जिथे मला घेणाऱ्याचं तोंड दिसत नाही तिथे वाटणारा मी कोण? भाऊ चार दिवस रुसले. त्यांना मी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्यांच्या फाइली दिल्या, हव्या तेवढ्या वाटा म्हणून. खाँसाहेब १९३७ साली गेले. ध्वनिमुद्रणावरचा हक्क आपल्या कायद्यात प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. त्यांच्या हयातीतल्या तबकड्यांचा केव्हाच संपला. मिरजेत त्यांच्या नावानं दर्ग्यात अजून गाणं होतं, ऐकायला तिकीट लागत नाही. आणि तरी वर्गणीच्या ॲपमध्ये तीच तबकडी उतरवून घेतली तर ती कुलपात येते, वर्गणी थांबली की बंद. सातबारा कोरा झालेल्या जमिनीला कुंपण घालण्याचा हा प्रकार.

कुलूप पवित्र हेतूनंही घातलं जातं, हे मराठी माणसानं विसरू नये. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. भ्रष्ट होऊ नयेत, अनधिकाऱ्याच्या हाती पडू नयेत, ही त्यामागची तळमळ होती, आणि त्यांनी प्रती इतक्या निष्ठेनं केल्या की ग्रंथ टिकले. पण बाकी महाराष्ट्राला मात्र म्हाइंभटांचं लीळाचरित्र, मराठीतला पहिला मोठा गद्य ग्रंथ, सहा शतकं जवळजवळ अज्ञात राहिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासकार राजवाड्यांनी लिपीची फोड केली तेव्हा कुठे दार उघडलं. तेही शक्य झालं ते चावी माणसांकडे होती म्हणून. मठामठांत ती लिपी वाचणारे महंत होते. कंपनीच्या सर्व्हरला शिष्यपरंपरा नसते.

आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५-अ हे कलम आलं. कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. पण हक्कभंग करण्याच्या हेतूनं तोडलं तर, असा शब्दप्रयोग आहे. अमेरिकेच्या १९९८च्या कायद्यात हेतूला अशी जागा नाही. तिथे काही ठरावीक अपवाद सोडले तर कुलूप तोडणं हाच दोष. आपलं कलम पुढे असंही म्हणतं की दुसऱ्याला कुलूप काढायला जो मदत करेल त्यानं त्या माणसाचं नाव, पत्ता आणि कारण यांची पूर्ण नोंद ठेवावी. वाचून मला हसू आलं. म्हणजे अजून एक नोंदवही! पण हेतू विचारणारा कायदा मला आवडला. करता येणं आणि अधिकार असणं यांतलं ते अंतर त्यानं शिल्लक ठेवलंय.

उरतं ते बटणावरच्या शब्दाचं. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून कायदा लागू आहे : डिजिटल वस्तू विकताना ‘विकत घ्या’ म्हणायचं असेल तर हा केवळ परवाना आहे असं घेणाऱ्याला स्पष्ट सांगावं लागतं. जी फाइल कायमची उतरवून घेता येते आणि विकणाऱ्याच्या मदतीशिवाय चालते, तिला यातून सूट आहे, कारण तिथे ‘विकत घ्या’ हे खरंच असतं. आपल्याकडे २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहेच. तिच्या शेजारी एवढी एक ओळ बसवायला काही जड जाणार नाही. ग्राहक पंचायतींनी ती मागावी. आणि तोवर, वाचकहो, पैसे भरण्याआधी एवढं पाहा की विकणारा उद्या नसला तर गाणं वाजेल का. वाजणार असेल तर मागितल्यापेक्षा चार रुपये जास्त द्या.