गाणं आवडतं, गाणारीचं काय?

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीन पिढ्या आहेत. त्यातले निम्मे शिनोलीत राहतात आणि उरलेले भोसरी, ठाणे असे पांगलेले. ग्रुपवर भांडणं कमी होतात, कारण बोलणंच कमी होतं. पाठवली जातात ती गाणी. सकाळी काका भीमसेन जोशींचा अभंग टाकतात, दुपारी आत्या दादा कोंडक्यांच्या सिनेमातलं काहीतरी, आणि रात्री अकराला कुणीतरी 'सैराट'. कुणी कुणाचं गाणं पूर्ण ऐकत असेल असं मला वाटत नाही. तरी अंगठा सगळे देतात.

मला बरेच दिवस प्रश्न पडलाय, की आपण आवडतं गाणं दुसऱ्याला पाठवतो तेव्हा नेमकं काय पाठवतो? आणि ते पाठवायचा हक्क आपल्याला कुठून मिळतो? प्रश्न जरा जड वाटेल. पण गाणं ही फुकट मिळणारी आणि फुकट वाटता येणारी गोष्ट झाल्यापासून तो कुणी विचारतच नाही, म्हणून विचारतोय.

सोप्या भागापासून सुरुवात करू. १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती व प्रसारण मंत्री झाले. सिनेमाच्या गाण्यांनी लोकांची अभिरुची बिघडते, असं त्यांचं मत होतं. आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? रेडिओ सिलोन लावला. त्याच वर्षी तिथे अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि देशभरची घरं तिच्याभोवती बसायला लागली. शेवटी १९५७ मध्ये आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली.

प्रत्येक ग्रुपवर एक केसकर असतो. तो जुनं गाणं पाठवतो आणि खाली लिहितो, "आजकालच्या गाण्यांत असं काही राहिलंय का?" हे गाणं वाटून घेणं नाही, हा निकाल झाला. तरुण केसकरही असतातच. आजोबांच्या नाट्यगीताखाली हसरा इमोजी टाकतात. दोघंही एक गोष्ट विसरतात. आपल्याला जे गाणं 'सर्वांत चांगलं' वाटतं, ते बहुतेक वेळा आपण सतरा-अठरा वर्षांचे असताना कानावर पडलेलं असतं. काका अभंग पाठवतात तेव्हा त्यांना पहाटेचा रेडिओ आणि चुलीचा धूर पाठवायचा असतो. तो काही फाइलीला जोडता येत नाही. म्हणून दुसऱ्याचं गाणं आपल्याला आवडलंच पाहिजे असं नाही, पण ते त्याला का आवडतं हे एकदा विचारायला हरकत नसते. इथपर्यंत बहुतेकांना पटेल. अडचण पुढे आहे.

रेडिओवर 'आपली आवड' लागायचं, तेव्हा फर्माईश करणाऱ्यांची नावं आणि गावं वाचली जायची. लोक ती ऐकायला कान टवकारायचे. पण त्याबरोबर गायक, गीतकार, संगीतकार यांचीही नावं यायची. गाणं कुणाकडून आलं आणि कुणासाठी लावलं, दोन्ही कळायचं. मोबाइलवर आलेल्या गाण्याला फक्त पाठवणारा असतो. कधी कधी 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' एवढंच.

यात बिघडलं काय, असं तुम्ही म्हणाल. उदाहरण घेऊ. १९५९ चा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला. त्यातल्या एका लावणीची क्लिप आजही फिरते. आवाज आशा भोसलेंचा, नाच जयश्री गडकरांचा, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल वसंत पवारांची. मागच्या ढोलकीवर कोण होतं, कोरसमध्ये कोण होतं, हे तर तेव्हाही फारसं कुणी सांगत नव्हतं. म्हणजे नावं गळायला मोबाइल यावा लागला नाही. मोबाइलने फक्त राहिलेलीही गाळली.

आणि नाव गळतं तेव्हा ते सगळ्यांचं सारखं गळत नाही. आमच्या संतांनी यावर आधीच उपाय केला होता. अभंगाच्या शेवटच्या चरणात कवीचं नावच ओवलेलं असतं. ते काढलं तर चरण मोडतो. शाहिरांनीही तेच केलं. पठ्ठे बापूराव आपल्या कवनात नाव घालत, म्हणून ते आजही ओठांवर आहेत. पण ज्या पवळाबाईच्या गळ्याने आणि पायांनी ती कवनं गावोगाव नेली, तिचं नाव कवनाच्या ओळीत शिवलेलं नव्हतं. गाणं लिहिणारा टिकला. गाणारी मात्र अभ्यासकांच्या पुस्तकांत उरली.

आमचा भाग तर तमाशाचा. शिनोलीहून मंचरला उतरून पुणे-नाशिक रस्ता धरला की पुढे नारायणगाव. तिथे फडांच्या राहुट्या लागतात, यात्रेसाठी गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात. तिथल्याच विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. त्यांना १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार मिळाला. फडावर असताना बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही त्यांची हकिगत आपण अभिमानाने एकमेकांना पाठवतो. शेवटची वर्षं मात्र हलाखीत गेली. २००२ मध्ये त्या गेल्या. आता राज्य सरकार त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं.

ही हकिगत मी पुन्हा वाचतो तेव्हा मला अभिमानापेक्षा दुसरंच काही वाटतं. बाळंतिणीला परत नाचावं लागलं, कारण समोर खेळ मागणारे लोक बसले होते. ते लोक म्हणजे आपलेच आजे-पणजे. लावणी घरात चालते, लग्नाच्या डीजेवर चालते, शाळेच्या स्नेहसंमेलनातही चालते. लावणी करणारीचं स्थळ घरात चालत नाही. यात्रेत आता पहिल्या रांगेत शंभर मोबाइल वर असतात. त्या बाईला कुणी विचारत नाही की तुझा हा व्हिडिओ कुठे जाणार आहे, त्याखाली काय लिहिलं जाणार आहे. तिकीट काढलं म्हणजे खेळ बघायचा हक्क मिळतो, हे खरं. पण तो खेळ तुकडे करून, हव्या त्या कोनातून, हव्या त्या शब्दांसकट जगभर पाठवायचा हक्क त्या तिकिटात असतो का? मला तसं वाटत नाही.

हा विचार माझ्या घरात आला तो आजीमुळे. आजीला ओव्या येतात. जातं कोपऱ्यात गेलं त्याला तीस वर्षं झाली असतील, पण निवडणं-टिपणं करताना ती गुणगुणते. मागच्या दिवाळीत माझ्या चुलतभावाने तिला न सांगता रेकॉर्ड केलं आणि रील टाकली. लाइक भरपूर आले. लोकांनी लिहिलं, "अशी माणसं आता होणे नाही." पण ती ओवी आजीने तिच्या सासूवर रचलेली होती. सासूने काय काय केलं, ते सगळं तिच्यात होतं. रील फिरत फिरत दोन गावं पलीकडे आजीच्या नणंदेच्या घरी पोचली. पंच्याऐंशी वर्षांच्या बाईने आपल्या मेलेल्या आईबद्दल मोबाइलवर ऐकलं. त्या वर्षी ती यात्रेला आली नाही. रील काढून टाकली, पण तोवर ती कितीजणांच्या फोनमध्ये उतरली होती कोण जाणे.

आजी चिडली नाही. एवढंच म्हणाली, "ते म्या जात्याला सांगितलं व्हतं. ह्यांना कुणी बोलावलं व्हतं ऐकायला?"

चुलतभावाची बाजूही खोटी नाही. तो म्हणाला, "असं प्रत्येकाला विचारत बसलो तर एक ओवी उरणार नाही. पिठाची गिरणी आली तेव्हाच अर्ध्या मेल्या." खरं आहे. लोकगीत जगतं तेच मुळी न विचारता उचलल्यामुळे. माझ्या आजीनेही निम्म्या ओव्या तिच्या आईकडून, शेजारणीकडून उचलल्या असणार.

पण दुसरी वाटही होती आणि ती आपल्याच राज्यात कुणीतरी चालून दाखवली आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आज त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर ऐकता येतात, आणि ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव असतं. त्या बायका आपलं गाणं टिपलं जातंय हे माहीत असताना गायल्या. म्हणजे टिपणं हा गुन्हा नाही, वाटणं हाही नाही. प्रश्न असतो तो गाणारीला त्यात काही म्हणायची जागा होती का, याचा.

पुढे आजीनेच वाट काढली, तीही भाजी निवडता निवडता. पंढरीच्या, विठ्ठलाच्या, रामाच्या ओव्या कुणालाही पाठवा म्हणाली, त्या सगळ्यांच्या आहेत. मुंबईला गेलेल्या भावाच्या ओव्या घरातल्यांना पाठवा. सासूच्या कुणालाच नकोत. मी इतकी पानं वाचली होती, पण अशी सरळ विभागणी मला सुचली नव्हती. सगळ्या गाण्यांचा मालक एकच नसतो. काही गाणी गावाची असतात, काही घराची, काही फक्त जात्याची. कुठलं गाणं कुणाचं, हे ठरवायचा पहिला मान गाणारीचा.

जी माणसं गेली, त्यांना विचारता येत नाही. तिथे निदान नाव पाठवता येतं. गाणं कुणाचं, कधीचं, कुठल्या सिनेमातलं किंवा फडातलं, एवढं शोधायला दोन मिनिटं लागतात. जिवंत माणसाला विचारायला त्याहून कमी. यात्रेत फडाच्या मॅनेजरला "शूट केलं तर चालेल का" विचारलं तर तो हसेल कदाचित, कारण आजवर कुणी विचारलेलं नसेल.

आमच्या ग्रुपवर आता हे थोडं थोडं सुरू झालंय. परवा आत्याने एक लावणी टाकली आणि खाली लिहिलं : सुलोचना चव्हाण. काकांनी लगेच विचारलं, "पेटीवर कोण आहे?" कुणालाच माहीत नव्हतं. तीन पिढ्या संध्याकाळभर शोधत बसल्या, आणि त्या निमित्ताने ते गाणं पहिल्यांदाच सगळ्यांनी पूर्ण ऐकलं.