पौषातली बारामती

शाळकरी पोरांसाठी युद्धातल्या कालप्रवासाची गोष्ट मराठीत लिहायची म्हटली, की नायकाला कुठं धाडायचं हा प्रश्नच उरत नाही. पानिपत. अंगठी असो, मंत्र असो की यंत्र, पोरगं उतरणार १४ जानेवारी १७६१ लाच आणि गोळी लागायच्या आत पेशव्यांच्या मुलाला, विश्वासरावांना, बाजूला ओढू पाहणार.

जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत हा मोह टाळला. त्यांचे इतिहासाचे प्राध्यापक रणांगणावर जातच नाहीत. ट्रकची धडक बसते आणि ते वेगळ्याच जगात पोचतात. तिथं गोळी विश्वासरावांना चाटून गेलेली असते, मराठे जिंकलेले असतात आणि मुंबईत अजून कंपनी सरकार असतं. अशा जगात पाऊल पडल्यावर पंत काय करतात? ग्रंथालय गाठतात आणि पुस्तकं उघडून बसतात. आधी पुरावा! खऱ्या इतिहासकाराला दुसरं काय सुचणार?

माझ्या मनातल्या गोष्टीतली मुलगी (मुलगीच असू द्या, तलवारी पोरांनी पुष्कळ चालवल्या) पानिपताच्या त्या पौषात बारामतीत उतरते. जादूचं दार इंदापूर तालुक्यात आयतं आहे. ज्या उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी फारच ओसरतं, त्या उन्हाळ्यात पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ वर येतं. त्या देवळातून आत जायचं. परतीची मुदतही भीमा नदीच ठरवते: घाटमाथ्यावर पाऊस लागला, वरच्या धरणांतून पाणी सुटलं, की दार बंद. आणखी मागं जायचं तर इंदापुरातच शिवरायांचे आजोबा मालोजीराजे लढाईत पडले. पण ती वेगळी गोष्ट.

बारामती का? तर तिथं लढाई नाही म्हणून. कऱ्हेकाठी बाबूजी नाइकांचा वाडा आहे, तो आजही उभा आहे. थोरल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई याच नाइकांच्या घरात दिलेली. म्हणजे पानिपतावरचे सेनापती भाऊसाहेब या घरातल्या सुनेचे सख्खे भाचे, आणि विश्वासराव तिच्या भाच्याचा मुलगा, उणापुरा अठरा वर्षांचा. फौजेनं कुंजपुरा घेतल्याची बातमी जुनी झालेली. पुढचं काही कळत नाही. खुद्द नानासाहेब पेशव्यांना माळव्यात पराभवाची वार्ता लागली, ती सावकाराच्या पत्रातून, मोती आणि मोहरांच्या सांकेतिक भाषेत. तिथून कऱ्हेपर्यंत यायला आणखी दिवस लागणार. मधल्या त्या दिवसांत गावातल्या बाया, ज्यांचं कुणी फौजेबरोबर गेलंय त्या, रोजची दळणं दळताहेत, आणि सगळं ठाऊक असलेली एकटी आपली मुलगी जात्याच्या पलीकडं खुंटा धरून बसलीय. कुणीतरी सहज विचारतं, 'फौज पाडव्यापर्यंत येईल ना गं?' इथं तिची जादू काय कामाची? चाचणीत आलेला सनावळीचा प्रश्न तिनं बिनचूक सोडवलेला असतो, पण हे उत्तर तोंडातून निघत नाही. सांगितलं तरी विश्वास कोण ठेवणार, आणि ठेवलाच तर त्या बाईचे उरलेले चार निवांत दिवसही गेले.

अशा वेळी तिनं कवी मोरोपंतांना गाठावं. पंत तेव्हा तिशी ओलांडलेले, नाइकांच्या आश्रयाला. पुढं याच गावात बसून त्यांनी सबंध महाभारत आर्यांत उतरवलं. त्यातलं कुरुक्षेत्र पानिपतापासून फार लांब नाही. भाऊसाहेबांची फौज कुंजपुऱ्याहून तिकडंच निघालेली, अब्दालीनं यमुना ओलांडल्याचं कळलं म्हणून मागं फिरली. आर्या रचताना पंतांच्या मनात पानिपत होतं का, याची चर्चा अभ्यासकांनी करावी. मुलीनं त्यांना एवढंच विचारावं, की अभिमन्यू परत येणार नाही हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असताना त्याला चक्रव्यूहात कसं जाऊ द्यायचं? तीनशे पानांच्या कादंबरीत हे एक प्रकरण तरी हवंच, आणि ते लढाईच्या प्रकरणापेक्षा मोठं हवं.