समुद्रतीरीचे समाधान

चार धामांपैकी तीन धामे समुद्राच्या काठी आहेत. पश्चिमेस द्वारका, पूर्वेस जगन्नाथपुरी, दक्षिणेस रामेश्वर; एक बदरीनारायण तेवढा हिमालयात. तेव्हा समुद्रदर्शनाने माणसाच्या चित्तावर काही परिणाम घडतो हे आपल्या वाडवडिलांस ठाऊक नव्हते, असे कोणी समजू नये. आमच्या नेर परसोपंताहून समुद्र गाठायचा म्हणजे मोटारीने बडनेरा आणि पुढे रात्रभर आगगाडी. साडेसहाशे किलोमीटरांहून अधिक वाट. तरीही यात्रेच्या गाड्या द्वारका-सोमनाथ करून येतात, कोणाची मुले मुंबईस नोकरीला असतात, आणि परत आलेला जो तो एकच सांगतो की, तेथे जाऊन बसले म्हणजे मन शांत होते. हे खोटे नव्हे. आम्हीही द्वारकेस गोमतीच्या संगमावर बसलो आहोत. प्रश्न त्यापुढचा आहे. ही जी शांती लाभते ती कोणाची? समुद्राची, की बसणाऱ्याची?

गेल्या वर्षी नेरला सप्ताहात, काल्याच्या आदल्या रात्री कीर्तन आटोपल्यावर, साठीतले एक गृहस्थ जवळ येऊन बसले. कपाशीचे शेत, डोक्यावर कर्ज, आणि सख्ख्या धाकट्या भावाशी धुऱ्यावरून वाद. आठ वर्षे दोघांत बोलणे नाही. मुलाने त्यांना मुंबईस नेऊन महिनाभर ठेवले होते. रोज संध्याकाळी चौपाटीवर जाऊन बसत. म्हणाले, "महाराज, तिथं बसलो का मन कसं निवांत होये. वाटे, आता काही राह्यलंच नाही. पण गाडी बडनेऱ्याले टेकली अन् पोटात पुन्हा तसंच कालवलं. मंग ते खरं का हे खरं?"

पंडितांना हा प्रश्न ग्रंथात भेटतो, यांना तो बडनेऱ्याच्या फलाटावर भेटला. आम्ही उलट विचारले, "तिथे असताना भाऊ आठवला होता का?" ते म्हणाले, "एकडाव आठोला जी. पण लाटेकडं पाह्यता पाह्यता इसरलो."

सज्जनहो, सारे मर्म या 'इसरलो'त आहे. विसरणे निराळे आणि सुटणे निराळे. समुद्र करतो काय? डोळ्यांस अडवील असे काही समोर ठेवीत नाही. कानांस एकच एक नाद देतो. त्यात शब्द नाही म्हणून अर्थ नाही, आणि अर्थ नाही म्हणून राग-लोभ नाही. शिवाय तेथे आपणांस नावाने ओळखणारे कोणी नसते, ना सोसायटीचा सचिव ना भाऊबंद. विषय समोर नाहीत म्हणून वृत्ती उठत नाहीत, इतकेच. गाढ झोपेत हेच घडते. सुषुप्तीत राजाही सुखी आणि कर्जदारही सुखी. जाग आली की राजाचे राज्य आणि कर्जदाराचे कर्ज जागच्या जागी. गौडपादाचार्यांनी मांडूक्यकारिकांत या अवस्थेस लय म्हटले आहे. चित्त सैरावैरा धावत असेल तर त्यास शांत करावे, पण लयात गेले असेल तर जागे करावे, असे त्यांचे बजावणे आहे. आता, संसारात पोळलेल्या माणसाने घटकाभर विसावा घेऊ नये असे आमचे म्हणणे नाही. विसावा म्हणजे पाप नव्हे. पण त्याला आत्मचिंतन म्हणू नये.

त्याच कारिकांत समुद्राचा दृष्टांतही आला आहे, आणि तो काठावर बसण्याचा नाही. मनाचा निग्रह कसा करावा? तर दर्भाच्या टोकाने एकेक थेंब घेऊन समुद्र उपसावा तसा, न कंटाळता. मधुसूदन सरस्वतींनी गीतेच्या सहाव्या अध्यायावरील टीकेत याला जोडून टिटवीची कथा दिली आहे. समुद्राने अंडी ओढून नेली तेव्हा तो पक्षी चोचीने समुद्र उपसू लागला. इतर पक्ष्यांनी समजावून पाहिले, तो हटला नाही. शेवटी नारदांनी गरुडास धाडले आणि समुद्राने भिऊन अंडी परत दिली. कीर्तनात ही कथा लावली की मंडळी गरुड आल्यावर टाळ्या वाजवतात. आमच्या मते टाळी पहिल्या थेंबाला द्यावी.

आता आपल्या घरचा ग्रंथ पाहू. भागवताचा एकादश स्कंध, ज्यावरील आपली टीका नाथमहाराजांनी शके १४९५ मध्ये काशीस पूर्ण केली. त्यात अवधूताचे चोवीस गुरू आले आहेत आणि समुद्र त्यांतला एक. नद्या भरून आल्या तरी तो मर्यादा सोडीत नाही, आणि आटल्या म्हणून सुकत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी स्थितप्रज्ञासही हाच दाखला आहे. तेथेही समुद्राकडे पाहत बसावे असे म्हटलेले नाही, समुद्रासारखे व्हावे असे आहे. आणि अवधूताची ही कथा ऐकणारा कोण? उद्धव! वर्षानुवर्षे द्वारकेत राहिलेला, रोज उशापायथ्याशी समुद्राची गाज ऐकणारा. तरी समुद्र काय शिकवतो हे त्याला भगवंताच्या मुखातून ऐकावे लागले. काठावरच्या माणसालाही श्रवण चुकले नाही. मग ज्याने समुद्र पाहिलाच नाही त्या आमच्या नेरच्या श्रोत्याचे काय अडले? उपदेश झाल्यावर भगवंताने उद्धवाला तेथे ठेवले नाही, बदरिकाश्रमास धाडले. आणि उरलेले यादव प्रभासाच्या किनाऱ्यावर जमले ते एरका गवत उपटून एकमेकांस मारीत संपले. समुद्र तोच होता.

रुक्मिणीमातेचेच घ्या ना. ती आमच्या विदर्भाची लेक. माहेर कौंडण्यपूर, अमरावती जिल्ह्यात वर्धेच्या काठी. ती समुद्रातल्या सोन्याच्या नगरीत नांदायला गेली. पण आपल्या संप्रदायातील कथा अशी की, ती तेथून रुसून निघाली आणि दिंडीरवनात येऊन बसली. देव तिला शोधीत मागोमाग आले आणि पुंडलिकाने टाकलेल्या विटेवर उभे राहिले ते कायमचे. गाज होती, गार वारा होता, तरी रुसवा गेला नाही. आणि देवाने समुद्राचा काठ सोडून भीमेचा काठ धरला. एकांतासाठी म्हणावे, तर आषाढीला त्या वाळवंटात लाखोंचा गलबला असतो.

येथे कोणी म्हणेल, मग स्थानाला काही किंमतच नाही काय? आहे. श्वेताश्वतर उपनिषदाने योगाभ्यासासाठी जागा सांगितली आहे ती सपाट, स्वच्छ, खडे-विस्तव नसलेली, आणि पाण्याचा नाद वगैरे असून मनाला अनुकूल अशी. म्हणजे श्रुतीनेच पाण्याचा आवाज मान्य केला. पण ब्रह्मसूत्रांत बादरायणाचार्यांनी शेवटचा निर्णय दिला तो असा की, एकाग्रता जेथे साधेल ती जागा; देशाचा वेगळा नियम नाही.

किनाऱ्यावरचे खरे चिंतन पाहायचे असेल तर १८९२ च्या डिसेंबरातले पाहावे. स्वामी विवेकानंद कन्याकुमारीस समुद्रातल्या खडकावर बसले. तेथून उठले ते निवांत होऊन नव्हे. पुढे १८९४ साली अमेरिकेतून गुरुबंधूंना धाडलेल्या पत्रात त्यांनी लिहिले आहे की, भारताच्या त्या शेवटच्या खडकावर एक योजना सुचली. आपण इतके संन्यासी हिंडतो आणि उपाशी लोकांना तत्त्वज्ञान शिकवतो, हे वेड आहे. आम्हा कीर्तनकारांनी हे पत्र अवश्य वाचावे. त्यांनी समुद्राकडे पाठ करून देशाकडे पाहिले. त्या खडकावरचे स्मारक २ सप्टेंबर १९७० रोजी खुले झाले. ते उभे करण्यासाठी देशभर हिंडलेले एकनाथ रानडे मूळचे आमच्या शेजारचे, अमरावती जिल्ह्यातील टिमटाळ्याचे.

असो. त्या गृहस्थांना आम्ही म्हटले, "मुंबई लांब आहे. मिलमिलीच्या काठी बसा, नाहीतर धुऱ्यावरच जाऊन बसा. नाम घ्या, आणि भाऊ आठवला तर दुसरीकडे पाहू नका, त्याच्याकडेच पाहा. दुखते ते काय? हातभर जमीन गेली ते, की धाकट्याने विचारले नाही ते?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. हातातला रुमाल उलटसुलट करीत राहिले. मग म्हणाले, "विचारलं असतं तं हातभर काय, बैलजोडी फिरे इतकी सोडली असती जी."

महिनाभर समुद्राजवळ बसून हे त्यांना कळले नव्हते, कारण तेथे कोणी विचारलेच नव्हते. त्यांनी स्वतःलाही नाही. कर्जाचा विषय त्यांनी आमच्यापाशी काढला नाही. काढला असता तर आम्ही सोसायटीची आणि जाणत्या माणसाची वाट दाखवली असती. कर्ज चिंतनाने फिटत नाही, आणि फिटते असे सांगणाऱ्या बुवांपासून लोकांनी दूर राहावे.

दुसऱ्या दिवशी काल्यानंतर पंगत बसली. दोघे भाऊ बोलले नाहीत. आठ वर्षांचे एका रात्रीत होत नाही. पण धाकटा वरणाची बादली घेऊन वाढीत आला तेव्हा थोरल्याने पत्रावळीवर हात आडवा धरला नाही, एवढे आम्ही पाहिले.