भरून घेतलेल्या कॅसेटी

चाळिशी ओलांडलेली चार माणसं बसली आहेत, कुणीतरी फोनवर गाणं लावतो आणि अर्ध्यातच बदलतो. मग एक वाक्य हमखास येतं : "कॅसेट विकत घ्यावी लागायची, म्हणून तेव्हा गाणं मन लावून ऐकलं जायचं." सगळे माना डोलावतात. विधान गोड आहे, पण खरं फारसं नाही. ते इतक्या सहज मान्य होतं म्हणूनच खटकतं.

पेन्सिल घालून गुंडाळलेलं रीळ, अडकलेली टेप, पुसट होत गेलेला आवाज यांच्या आठवणी आता सर्वांच्या पाठ आहेत. त्या बाजूला ठेवून कॅसेट वाजायची कुठे ते पाहावं. रिक्षात, इस्त्रीच्या दुकानात, एसटी थांबते त्या हॉटेलात, गणपतीच्या मांडवात. बहुतेक वेळा ती कामाच्या पाठीमागे चालू असे. १९७९ साली सोनीने वॉकमन आणला तोही चालता-फिरता ऐकण्यासाठीच. गाण्यांचा क्रम मोडता येत नव्हता म्हणून कलावंताचा हेतू जपला जाई, असंही सांगितलं जातं. पण आपल्याकडे एका बाजूला एक सिनेमा आणि दुसऱ्या बाजूला भलताच सिनेमा अशा जोडकॅसेटी सर्रास खपत. त्यात कुठला हेतू जपला जाणार?

'तेव्हा संगीताला किंमत होती' हे तर मुळीच पटत नाही. गुलशन कुमार यांच्या टी-सीरिजने १९८०च्या दशकात जुनी गाणी नव्या गळ्यांतून गाऊन घेतली, त्यासाठी कॉपीराइट कायद्यातल्या एका तरतुदीचा आधार घेतला आणि कॅसेट किराणा दुकानापर्यंत स्वस्तात पोचवली. संगीताची लाज गेली, अशी ओरड तेव्हाही झाली होती. रेकॉर्ड जपून ठेवणाऱ्या पिढीने कॅसेटला जी नावं ठेवली, तीच कॅसेटवाली पिढी आज फोनला ठेवते आहे.

खुद्द कॅसेटच्या जनकाला हा हळवेपणा नव्हता. फिलिप्सचे अभियंते लू ऑटन्स यांनी खिशात मावेल असा लाकडाचा ठोकळा कापून आधी आकार ठरवला आणि मग त्यात यंत्र बसवलं. १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात ती वस्तू जगापुढे आली. पुढे सीडीच्या कामातही त्यांचा हात होता, आणि सीडीचा आवाज कॅसेटहून सरस आहे असं ते उघड म्हणत. चार मिलिमीटरहून किंचित अरुंद पट्टी, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेग. एवढ्याशा जागेतून फार बारकाव्याचा आवाज निघणार नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

तेव्हा कॅसेटचं स्मरणरंजन म्हणजे स्वतःच्या तारुण्याचं स्मरणरंजन, असं म्हणून विषय मिटवता आला असता. पण दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली आठवल्या जातात, म्हणून तो मिटत नाही. एक विकत घेतलेली कॅसेट आणि दुसरी भरून घेतलेली. रेकॉर्ड किंवा छापील सीडी घरात आली की ती फक्त ऐकवत असे. कॅसेट ऐकूनही घेत असे. लाल बटण दाबलं की समोर जे होतं ते तिच्यात उतरे. कोरी साठ किंवा नव्वद मिनिटांची कॅसेट आणायची, गाण्यांची यादी करायची आणि दुकानदाराकडून ती 'भरून' घ्यायची. कायद्याने हे चालत नव्हतं, पण गल्लोगल्ली चालू होतं. घरात तर आजीच्या ओव्या, वडिलांचं भाषण, बाळाचे पहिले बोल, गावातलं कीर्तन, काहीही भरलं जाई.

अभिजात संगीतात तर याने मोठीच उलथापालथ केली. ७८ आरपीएमच्या तबकडीत एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपास जागा, त्यात राग म्हणजे त्याचा नुसता अर्क. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पाऊण तास चाले. विलंबित ख्याल निवांत बसावा इतका अवकाश होता, आणि यंत्र पिशवीत घालून मैफलीला नेता येत होतं. पहिल्या ओळीत बसून मांडीवर टेपरेकॉर्डर धरणारे रसिक गायकांना आवडत नसत, ते स्वाभाविकच होतं. पण एखाद्या बुजुर्गाने ऐन रंगात येऊन गायलेला, कुठल्याही कंपनीने न काढलेला राग आज ऐकायला मिळतो तो अशाच एखाद्या रसिकाच्या कपाटातून. तयार कॅसेटींतही असे दूरदर्शी लोक होते. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसने शास्त्रीय गायनाबरोबर कथाकथनाच्या कॅसेटी काढल्या. पु. ल. देशपांड्यांचा आवाज तर अमेरिकेतल्या मराठी घरांतही असा मुरला की श्रोत्यांचा हशा कुठे येतो हेसुद्धा माणसांना पाठ झालं.

आता त्या बैठकीतल्या गृहस्थांकडे परत यावं, कारण त्यांचं एक म्हणणं मान्य करायला हवं. टंचाईने ऐकणं खोल झालं नसेल, पण निवड करणं मात्र भाग पडलं. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोट्या प्लॅस्टिकच्या टिकल्या असत. त्या मोडल्या की वर दुसरं काही भरता येत नसे. मन बदललं तर भोकावर चिकटपट्टी लावून पुन्हा भरायचं. म्हणजे काय ठेवायचं आणि काय पुसायचं, याचा निर्णय घरोघरी घेतला जात होता. आज फोनमध्ये हजारो ध्वनिफिती साठतात. निर्णय न घेता साठतात आणि फोन बदलला की निर्णय न घेताच जातात.

विकतची आणि भरलेली हा भेदसुद्धा एका ठिकाणी तुटतो, आणि तिथेच विषय गंभीर होतो. पीटर मॅन्युएल यांनी 'कॅसेट कल्चर' या १९९३ सालच्या पुस्तकात उत्तर भारताबद्दल दाखवून दिलं की कॅसेटमुळे मोजक्या कंपन्यांची आणि सिनेसंगीताची पकड ढिली झाली, लहान भांडवलावर स्थानिक भाषेतली गाणी बाजारात आली. महाराष्ट्रातही तेच घडलं. रेकॉर्ड निघण्याची आशाच नव्हती अशा गायन पार्ट्यांच्या भीमगीतांच्या कॅसेटी नागपूरला दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीबाहेर मांडून विकल्या जात. जत्रांत लोकगीतं, गोव्यात तियात्रातली कोंकणी गाणी. प्रल्हाद शिंदे, आनंद शिंदे यांची नावं मोठी झाली, त्यांची गाणी आज सहज मिळतात. पण छोट्या दुकानदाराने काढलेली, जिल्ह्याबाहेर न गेलेली कॅसेट होती विकतची, तरी आज तिची गत भरलेल्या कॅसेटीसारखीच आहे. दुकान बंद झालं, मूळ टेप गेली, कुठल्याही यादीत नोंद नाही. उरलेली प्रत कुणाच्या तरी माळ्यावर आहे.

जुन्या कॅसेटी टाकवत नाहीत म्हणून घरात बोलणी खाणारा माणूस इथे एकदम महत्त्वाचा ठरतो. त्याने ते कशासाठी ठेवलं, हे गौण आहे. त्याच्याशिवाय ते दुसऱ्या कुणी ठेवलंच नाही. बैठकीतल्या गृहस्थांचा सिद्धांत चुकीचा असेल, पण त्यांचा खोका मोलाचा आहे.

आणि वेळ उरलेला नाही. पट्टीवरचा लोहकण धरून ठेवणारा थर दमट हवेत सुटतो, कोकणात तर बुरशीच धरते. युनेस्को आणि ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ साली 'मॅग्नेटिक टेप अलर्ट' हा उपक्रम हाती घेतला. नीट वाजवणारी यंत्रं आणि त्यांचे सुटे भाग २०२५च्या सुमारास दुर्मीळ होतील, हा त्यामागचा इशारा होता. ते साल उलटलं आहे.

महाराष्ट्रात अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयं हजारोंनी आहेत. प्रत्येक तालुक्यातल्या एका ग्रंथालयाने एक चालू स्थितीतला डेक, संगणकाला जोडायची एक वायर आणि हेडचा कोन जुळवता येणारा एक माणूस एवढं ठेवलं, तर लोकांना आपले खोके कुठे न्यायचे हे कळेल. आवाज उतरवून घेताना कॅसेट आणणाऱ्याला शेजारी बसवायला हवं. मध्येच खोकणारे कोण, पेटीवर कोण, गाव कुठलं, हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. ते त्यालाच ठाऊक असतं, आणि तोही आता सत्तरीकडे निघाला आहे.