कॉफी कुणी केली?

ऐंशी-नव्वदच्या दशकांत आपल्या भागातल्या लग्नांत मांडवाच्या कोपऱ्यात एक चकचकीत धूड फुसफुसत उभे असे. त्याची वाफेची नळी दुधाच्या मगात खुपसली की कर्कश आवाज होई, दूध फुगून वर येई आणि त्या फेसावर चिमूटभर पूड भुरभुरून पोऱ्या कप पुढे करी. बेळगाव असो, निपाणी असो की खानापूर, एस्प्रेसो म्हणजे हीच, अशी आमच्या पिढीची पक्की समजूत. खऱ्या एस्प्रेसोशी तिचे नाते वाफेपुरतेच होते. इटलीतल्या एस्प्रेसोला दूध लागत नाही. ७ ते १० ग्रॅम बारीक दळलेली कॉफी दाबून बसवायची, नव्वद अंशांच्या थोडे वर तापलेले पाणी सुमारे ९ बार दाबाने तिच्यातून ढकलायचे आणि २५-३० सेकंदांत जो दाट अर्क उतरेल तो दोन घोटांत संपवायचा, एवढेच तिचे शास्त्र. त्या मिश्रणांत पुष्कळदा आपल्याच कर्नाटकातल्या कोडगू-चिकमगळूरची कॉफी असते. इटली हा भारतीय कॉफीचा मोठा गिऱ्हाईक आहे, हे लग्नात तो फेसाळ कप पिताना आम्हाला कुठे ठाऊक होते!

एस्प्रेसो या शब्दाला दोन अर्थ चिकटलेले आहेत. एक, दाबून काढलेली. दुसरा, मागणाऱ्यासाठी मुद्दाम, त्याच क्षणी केलेली. मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी १९०१ साली आपल्या यंत्राचे पेटंट घेतले, तेव्हापासून कितीतरी वर्षे या यंत्रामागे एक माणूस उभा असे. दळण किती बारीक, दाब किती, थांबायचे कधी, हे त्याच्या हाताला कळे. १९८५च्या सुमारास घरात ठेवण्याजोगी पूर्ण स्वयंचलित यंत्रे आली आणि तो माणूस मधून निघाला. वर बिया ओतायच्या, मागे पाणी भरायचे, बटण दाबायचे. आत एक लहानसे जातेच असते. ते बिया दळते, पूड दाबते, पाणी सोडते आणि उरलेला चोथा वडी पाडून डब्यात टाकते. आज चाळीस-पन्नास हजारांच्या पुढे ही यंत्रे आपल्याकडेही मिळतात आणि बंगळूर-पुण्यात नोकरीला असलेल्या मुलांच्या घरी ती दिसू लागली आहेत.

मग या यंत्रातून उतरलेली कॉफी कुणी केली? प्रश्न पोरकट वाटेल. पण वर्षानुवर्षे वर्गात व्याकरण शिकवल्यामुळे मला कर्ता हरवला की चैन पडत नाही. आणि आपल्या घरांत कॉफीचा कर्ता यंत्र येण्याच्या कितीतरी आधीच हरवलेला आहे. आपण काय म्हणतो? ‘चहा झाला का?’ ‘कॉफी होतेच आहे, बसा.’ स्वयंपाकघरात कॉफी आपोआप ‘होते’, जशी सकाळ होते. बाहेरच्या खोलीत मात्र तिला एकदम कर्ता मिळतो: ‘अण्णांनी आम्हाला उत्तम कॉफी पाजली.’ अण्णांनी खुर्चीतून उठून काय केले होते? आत वळून हाक मारली होती. होणे आणि पाजणे या दोन क्रियापदांच्या मधे जी बाई ओट्याशी उभी होती, तिच्यासाठी क्रियापद शिल्लक राहिले नाही. पाहुणचाराचे पुण्य एकाच्या नावावर आणि श्रम दुसरीच्या हातांवर, ही वाटणी आपण इतकी वर्षे चालवली की ती वाटणी आहे हेही दिसेनासे झाले.

म्हणून यंत्रातल्या कॉफीला हाताची चव नाही, हा जो आक्षेप आमच्या वयाची माणसे घेतात, तो मला पुरता पटत नाही. चवीचे ते नाकारत नाही. आपल्या सीमाभागाला दुहेरी भाग्य लाभले आहे. एका घरी जायफळ किसून घातलेली, दुधातच उकळलेली गोड कॉफी. शेजारच्या घरी, म्हैसूर-उडुपीच्या वळणाची, फिल्टरमध्ये थेंब थेंब उतरलेला काढा आणि वर-खाली ओतून फेसाळलेले दूध. दोन्हींवर माझा जीव आहे. पण ‘हाताची चव’ म्हणणारा बहुधा पिणारा असतो. ज्या हाताने ती चव आणली त्याला कुणी विचारलेले नसते, की दुपारी चारला चौथ्यांदा पातेले चढवताना तुला काय वाटते.

महात्मा गांधी यंत्रांचे कडवे विरोधक, असे आपण मुलांना सरसकट सांगतो. पण १९२४ साली ‘यंग इंडिया’त प्रसिद्ध झालेल्या एका संभाषणात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद मानले होते. कारण त्यांनी सांगितले ते असे, की बायकोला टाके घालत बसलेली पाहून सिंगरला कळवळा आला आणि त्यातून ते यंत्र जन्मले. म्हणजे कसोटी यंत्राची नव्हे, कुणाचे श्रम हलके झाले याची. हीच कसोटी मी स्वयंपाकघरातल्या या नव्या पाहुण्याला लावून पाहतो.

गेल्या मे महिन्यात मी बारा दिवस बंगळूरला मुलाकडे होतो. तिथे हे यंत्र आहे. सकाळी मुलगा स्वतः उठतो, बटण दाबतो, आम्हा दोघांना आणि सुनेला कप आणून देतो. माझ्या वडिलांच्या पिढीत जे घडले नसते ते इथे रोज घडत होते, आणि मला त्याचा मनापासून आनंद झाला. यंत्राच्या स्मरणात प्रत्येकाची आवड साठवलेली असते. हिला सौम्य, मला कडक. विचारण्याचीही गरज नाही. (ही सोय मला तितकीशी आवडली नाही. ‘कशी लागते तुम्हाला?’ हा प्रश्न म्हणजेच अर्धा पाहुणचार.)

तिसऱ्या दिवशी पडद्यावर सूचना आली: चोथ्याचा डबा भरला आहे. मुलगा ती वाचून सहज म्हणाला, ‘असू दे, अक्का येतील दहाला.’

अक्का म्हणजे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाई. चोथ्याचा डबा, खालचा पाण्याचा ट्रे, दुधाच्या भांड्याची ती बारीक नळी, सगळे त्या धूत होत्या. श्रम संपले नव्हते. त्यांतला मिरवण्याजोगा भाग पुरुषाकडे आला होता आणि चिकट भाग आणखी एका बाईकडे सरकला होता.

यंत्र निवडताना दुकानदार सांगतो, किती प्रकारच्या कॉफी होतात, दाब १५ बार की १९. वास्तविक कॉफीला ९ पुरतात. पुढचे आकडे खोक्यावर शोभतात. माझ्या मते विचारायचे ते वेगळेच. धुवायचे तुकडे किती? कॉफी दाबणारा आतला भाग बाहेर काढून नळाखाली धुता येतो का? काही यंत्रांत येतो, काहींत तो आतच बसवलेला असतो. दुधाला आपोआप ओढणारी नळी आहे, की नुसती वाफेची दांडी? आपल्या उन्हाळ्यात ती नळी रोजच्या रोज धुतली नाही तर आंबते. दांडी ओल्या फडक्याने पुसली, थोडी वाफ सोडली की झाले. बोअरचे जड पाणी असेल तर आतले क्षार ठरावीक काळाने काढावे लागतात. तेलकट, काळ्या भाजलेल्या बिया जात्यात चिकटतात आणि चिकोरी मिसळलेली आपली नेहमीची पूड तर जात्याजवळ नेऊच नये. हे सगळे वाचून जो म्हणेल ‘हे मी करीन’, त्याने यंत्र घ्यावे. ‘हे होईल’ म्हणणाऱ्याला फिल्टर बरा. तिथे निदान तिघा-चौघांचा काढा एकदाच उतरतो.

मुलाशी मी याविषयी बोललो. व्याख्यान दिले नाही. डबा कसा काढायचा एवढे दाखव म्हटले. पुढचे काही दिवस तो आणि मी आळीपाळीने डबा धूत होतो. त्याच ओघात माझ्या तोंडून निघून गेले, की अक्कांनी ही कॉफी कधी प्यायली आहे का? कुणी उत्तर दिले नाही. त्यांचा चहा वेगळ्या पेल्यात गॅसवर होत असे.

निघायच्या आदल्या दिवशी सुनेने त्यांना यंत्रापुढे उभे केले. ‘नीवे ओत्तरी, अक्का.’ अक्कांनी पदराला हात पुसले आणि बटण दाबले. जाते घरघरले, दोन बारीक धारा उतरल्या आणि थांबल्या. कपाच्या तळाशी पडलेल्या तेवढ्याशा कॉफीकडे बघून त्या म्हणाल्या, ‘इष्टेना?’

सून हसली आणि दुधाचे पातेले गॅसवर चढवायला वळली.