सत्यासाठीं असत्य

सत्याच्या सिद्धीसाठीं असत्याचा आश्रय करावा कीं नाहीं, हा वाद धर्मराजाच्या अर्धसत्याइतका तरी जुना आहे. आधुनिक पदार्थविज्ञानांत त्याचा जो निकाल लागला, त्याकडे नीतिचिंतकांनीं लक्ष द्यावें असें आम्हांस वाटतें.

नागपूरच्या ‘झिरो माइल’पासून मोजमाप केलें काय किंवा दुसऱ्या गांवापासून केलें काय, वर्धा व अमरावती यांमधील अंतर तेंच राहतें. आरंभबिंदु निवडण्याचें असलें स्वातंत्र्य प्रत्येक स्थळीं व प्रत्येक क्षणीं निरनिराळें घेतलें, तरीहि निष्कर्ष ढळतां कामा नये, असा आग्रह धरणारे ते गेज-सिद्धान्त. वाइल यांनीं १९२९ सालीं विद्युच्चुंबकत्वाची मांडणी या तत्त्वावर केली. यांग व मिल्स यांनीं १९५४ सालीं तें तत्त्व पुष्कळ पुढें नेलें.

परंतु आकडेमोड करावयाची म्हणजे कोणता तरी आरंभबिंदु धरावाच लागतो. आणि तो धरतांच सर्व संभाव्यतांची बेरीज एक भरेना, हें फाइनमन यांच्या १९६३ सालीं प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत दिसून आलें. फादेयेव व पोपोव यांनीं १९६७ सालीं सरसकट उपाय सांगितला: गणितांत कांहीं अस्तित्वहीन कण घालावयाचे. शास्त्रज्ञ त्यांना ‘भुतें’ म्हणतात. नांव अन्वर्थकच आहे. कोणत्याहि उपकरणांत तीं सांपडावयाचीं नाहींत.

येथें सरळ मनाच्या माणसास शंका यावयासच हवी. हिशेब जुळत नाहीं म्हणून वहींत खोट्या रकमा लिहिणारा मुनीम आणि हे पंडित, यांत अंतर तें कोणतें?

उत्तर १९७५ च्या सुमारास मिळालें. मार्सेय येथें बेची, रुए व स्तोरा या तिघांस, आणि मॉस्कोंत त्यूतिन यांस स्वतंत्रपणें आढळलें कीं, आरंभबिंदु धरल्यानें मोडलेली सममिती भुतांना पोटांत घेऊन नव्या रूपानें टिकून राहते. तिची क्रिया दोनदां केली कीं शून्य उरतें. शेताला बांध असतो, पण बांधाला टोक नसतें, तशांतला हा प्रकार. त्यामुळें अखेरच्या उत्तरांतून भुतांची रक्कम नेमकी वजा होते व आरंभबिंदूचाहि मागमूस राहत नाहीं. (त्यूतिन यांचा निबंध संस्थेच्या अहवालरूपानेंच पडून होता, तरी २००९ सालचें हाइनमन पारितोषिक चौघांनाहि मिळालें, हें योग्यच झालें.)

वेदान्तांतील अध्यारोप व अपवाद यांची येथें आठवण होते: ब्रह्मावर आधीं धर्म आरोपावयाचे, मग ते काढून घ्यावयाचे. पण तेथें शिष्याची भिस्त बहुधा गुरुवचनावर असते. येथें वही उघडी आहे, वजाबाकी कोणीहि ताडून पाहावी. धर्मराजानेंहि ‘कुंजर’ म्हणून वजाबाकी केलीच होती. परंतु ती ऐकूं जाणार नाहीं अशी केली, आणि द्रोणाचार्यांनीं तोंपर्यंत शस्त्र खालीं ठेवलें होतें.